रुग्णालयातील संसर्ग : हात, पाणी आणि देखरेख

एका आजारावर उपचार घेण्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे आणि तेथून दुसराच आजार घेऊन घरी परतावे, हा अनुभव खेड्यात काय आणि शहरात काय, नवा नाही. अपेंडिक्सची शस्त्रक्रिया यशस्वी होते, पण पाचव्या दिवशी टाक्यांतून पू येऊ लागतो. बाळंतपण सुखरूप पार पडते, पण तिसऱ्या दिवशी बाळंतिणीला थंडी वाजून ताप भरतो. सलाइनची सुई टोचलेला हात सुजून लाल होतो. लघवीसाठी घातलेल्या नळीवाटे मूत्रमार्गात जंतू शिरतात. नातेवाईक या साऱ्याला नशीब म्हणतात आणि पुष्कळदा रुग्णालयातील कर्मचारीही तसेच मानून चालतात. वैद्यकशास्त्रात मात्र याला स्वतंत्र नाव आहे : रुग्णालयजन्य संसर्ग. दाखल होताना जो संसर्ग रुग्णाच्या शरीरात प्रकट वा सुप्त अवस्थेत नव्हता आणि जो साधारणपणे दाखल झाल्यापासून ४८ तासांनंतर दिसून येतो, तो या सदरात मोडतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार रुग्णालयात तीव्र आजारासाठी दाखल होणाऱ्या दर शंभर रुग्णांपैकी श्रीमंत देशांत सात आणि मध्यम व अल्प उत्पन्नाच्या देशांत पंधरा रुग्णांना असा किमान एक संसर्ग होतो. ज्यांना तो होतो, त्यांच्यापैकी सरासरी दहांतील एक रुग्ण दगावतो. याच अहवालाने असेही नमूद केले आहे, की हातांची स्वच्छता आणि इतर अल्पखर्चिक उपाय नीट अमलात आणले, तर यांपैकी ७० टक्के संसर्ग टळू शकतात. म्हणजे ज्या गोष्टीला नशीब म्हटले जाते, तिचा मोठा हिस्सा साबण, पाणी आणि शिस्त यांच्या हाती आहे. हे कळून पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली. ते ज्या रीतीने कळले, ती हकिकत आजच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दृष्टीनेही पाहण्याजोगी आहे.

व्हिएन्नाचे दोन प्रसूती विभाग

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथील सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात डॉक्टर व वैद्यकाचे विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुइणी. गरोदर स्त्रियांना कोणत्या विभागात घ्यावयाचे, हे दाखल होण्याच्या वारावरून ठरे. म्हणजे दोहोंकडे येणाऱ्या स्त्रिया एकाच थरातल्या आणि सारख्याच प्रकृतीच्या असत. तरीही १८४६ साली पहिल्या विभागात सूतिकाज्वराने दगावणाऱ्या बाळंतिणींचे प्रमाण ११.४ टक्के होते आणि दुसऱ्यात केवळ २.८ टक्के. शहरातील गोरगरीब बायांना हे पक्के ठाऊक होते. पहिल्या विभागात घालू नका, म्हणून त्या गुडघे टेकून विनवण्या करीत. रुग्णालयाच्या वाटेवर रस्त्यातच प्रसूत झालेल्या स्त्रियासुद्धा पहिल्या विभागातील स्त्रियांपेक्षा या तापापासून अधिक सुरक्षित राहत.

इग्नाझ सेमेलवाइस हा हंगेरीचा तरुण डॉक्टर १८४६ मध्ये या विभागात साहाय्यक म्हणून रुजू झाला. त्या काळची प्रचलित कारणे म्हणजे दूषित हवा, गर्दी, स्त्रियांची भीती व लज्जा. सेमेलवाइसने ती एकेक करून तपासली. गर्दी तर दुसऱ्या विभागातच जास्त होती. हवा दोन्हीकडे एकच. मरणासन्न रुग्णाकडे जाणारा धर्मगुरू घंटा वाजवीत पहिल्या विभागातून जाई, त्या आवाजाने स्त्रिया घाबरत असतील म्हणून त्याने घंटाही बंद करविली. मृत्यू थांबले नाहीत. मार्च १८४७ मध्ये त्याचे सहकारी प्राध्यापक कोलेत्श्का यांना शवविच्छेदनाच्या वेळी एका विद्यार्थ्याच्या हातातील सुरी लागली आणि ते थोड्याच दिवसांत मरण पावले. त्यांच्या शरीरात जे बदल आढळले, ते सूतिकाज्वराने मेलेल्या स्त्रियांच्या शरीरातील बदलांसारखेच होते. तेव्हा सेमेलवाइसच्या ध्यानात आले, की पहिल्या विभागातील डॉक्टर व विद्यार्थी सकाळी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिगृहात येतात. सुइणी शवविच्छेदन करीत नाहीत. मृत्यू हातांवरून येत होता.

मे १८४७ च्या मध्यास त्याने विभागाच्या दाराशी क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाचे भांडे ठेवविले आणि हात धुतल्याविना कोणी आत जाऊ नये, असा नियम घातला. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर गेलेले मृत्यूंचे प्रमाण जूनमध्ये २.२ आणि जुलैमध्ये १.२ टक्क्यांवर आले. पुढील गोष्ट इतिहासात कमी सांगितली जाते, पण आपल्या विषयाशी तिचा संबंध अधिक जवळचा आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाने ग्रस्त आणि स्राव होत असलेली एक स्त्री प्रसूतीसाठी दाखल झाली. फेरीच्या वेळी प्रथम तिची तपासणी होई आणि मग त्याच रांगेतील इतरांची. दाराशी हात धुतलेले असूनही तिच्यानंतर तपासलेल्या बारा जणींपैकी अकरा जणी दगावल्या. घातक द्रव्य प्रेतातूनच येते असे नव्हे, जिवंत रुग्णाकडूनही ते येते, हे यावरून सिद्ध झाले आणि त्यानंतर प्रत्येक रुग्णाच्या तपासणीनंतर हात धुण्याचा नियम झाला. १८४८ साली पहिल्या विभागातील प्रमाण १.२७ टक्क्यांवर येऊन ते सुइणींच्या विभागाच्या बरोबरीचे झाले.

जंतूंचे शास्त्र तेव्हा उदयास आलेले नव्हते. पाश्चरचे प्रयोग आणि लिस्टरची कार्बोलिक आम्लाची पद्धत पुढच्या दोन दशकांतली. सेमेलवाइसजवळ होते ते केवळ नोंदवहीतील आकडे. पण त्या आकड्यांचा अर्थ असा होता, की बरे करणाऱ्याच्याच हाताने रुग्ण मरत आहेत. आणि ही गोष्ट त्या काळच्या अनेक प्रतिष्ठित वैद्यांना मानवली नाही. सेमेलवाइसला व्हिएन्ना सोडावे लागले. १८६५ साली, वयाच्या ४७ व्या वर्षी, मनोरुग्णालयात त्याचा अंत झाला, तोही जखमेत झालेल्या संसर्गाने.

परळची बाटली, मलकोवालचा चिमटा

दुसरी घटना भारतातील असून तिचे एक टोक मुंबईत आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा वॉल्डेमार हाफकिन यांनी तेथे प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे परळ येथील जुन्या राजभवनात त्यांची प्रयोगशाळा सुरू झाली व तेथून लस देशभर जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील, सध्या पाकिस्तानात असलेल्या, मलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकोणीस जणांना धनुर्वात होऊन ते दगावले. एकोणीसही जणांना एकाच बाटलीतील लस दिलेली होती. बाकीचे ८८ जण सुखरूप राहिले.

आरोप मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. पुढे पुराव्यांची पुन्हा छाननी झाली. बाटलीचे बूच काढताना साहाय्यकाच्या हातातील चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करता पुन्हा वापरण्यात आला होता, ही बाब तीत महत्त्वाची ठरली. १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ साली परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले.

जमिनीवर पडलेला चिमटा चटकन बुडवून वा पुसून घेणे, ही कृती कोणत्याही ड्रेसिंगच्या खोलीत आजही पाहावयास मिळेल. धनुर्वाताचे जंतू मातीत कवचबद्ध बीजाणूंच्या रूपाने वर्षानुवर्षे टिकतात. औषधाच्या पाण्यात क्षणभर बुडविल्याने ते मरत नाहीत. साध्या उकळीलाही ते दाद देत नाहीत. यासाठी तीन शब्दांतील भेद नीट समजावून घ्यावयास हवा. 'स्वच्छ करणे' म्हणजे मळ, रक्त, पू धुऊन काढणे. 'जंतुनाशन' म्हणजे बहुतेक जंतू मारणे. यात बीजाणू उरू शकतात. 'निर्जंतुकीकरण' म्हणजे बीजाणूंसह सर्व जंतूंचा नाश. शरीराच्या आत जाणारी उपकरणे, म्हणजे सुया, कात्र्या, चिमटे, टाक्यांचे साहित्य, ही निर्जंतुकच हवीत.

यासाठी ऑटोक्लेव्ह असतो. दर चौरस इंचास १५ पौंड दाबाखाली वाफेचे तापमान १२१ अंश सेल्सियसपर्यंत जाते आणि कापडात बांधलेल्या साहित्याला या तापमानात सुमारे ३० मिनिटे ठेवावे लागते. यंत्र बहुतेक केंद्रांत आहे. चूक होते ती वापरात. ड्रममध्ये साहित्य ठासून भरले, की वाफ आत शिरत नाही. रक्त सुकून चिकटलेली कात्री तशीच आत ठेवली, तर त्या थराखालचे जंतू वाचतात. म्हणून आधी ब्रशने घासून धुणे अपरिहार्य आहे. बाहेर काढलेले गाठोडे ओले असेल, तर ते निर्जंतुक समजू नये. गाठोड्यावरील पट्टीचा रंग बदलला म्हणजे उष्णता लागली एवढेच कळते. यंत्र खरोखर काम करते की नाही, हे ठराविक काळाने जीवाणूंच्या चाचणीनेच कळते.

हात कधी धुवावेत

हात धुवावेत, हे सर्वांनाच माहीत आहे. कधी धुवावेत, याची माहिती मात्र पुष्कळांना नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ पासून यासाठी पाच प्रसंग निश्चित केले आहेत : रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी; सुई, नळी, जखम यांसारखी निर्जंतुक कृती करण्यापूर्वी; रक्त, लघवी, पू अशा स्रावांशी संपर्क आल्यानंतर; रुग्णाला स्पर्श केल्यानंतर; आणि रुग्णाच्या खाटेला, चादरीला वा शेजारच्या कपाटाला हात लागल्यानंतर. शेवटचा प्रसंग हमखास विसरला जातो, कारण त्यात रुग्णाला हात लावलेलाच नसतो. पण खाटेचा दांडा आणि सलाइनचा स्टँड यांवर जंतू तासन्‌तास, काही प्रकारचे तर आठवडे, राहू शकतात.

साबण व वाहत्या पाण्याने ४० ते ६० सेकंद आणि अल्कोहोलयुक्त द्रावणाने २० ते ३० सेकंद हात चोळणे आवश्यक आहे. तळवे, हातांच्या पाठी, बोटांच्या बेचक्या, बोटांची मागची बाजू, अंगठे आणि नखांची टोके असा क्रम आहे. यांपैकी अंगठे आणि नखे घाईत सुटतात. अंगठी, घड्याळ, बांगड्या उतरवून ठेवाव्यात. हातांना मळ वा रक्त लागलेले दिसत असेल, तर अल्कोहोलचा उपयोग नाही, साबण-पाणीच हवे. काही जुलाबांच्या जंतूंचे बीजाणूही अल्कोहोलने मरत नाहीत. हातमोजे घातले म्हणून हात धुण्यातून सुटका होत नाही. मोज्यांना सूक्ष्म छिद्रे असतात, काढताना हात दूषित होतात. आणि एकाच मोज्याने चार रुग्ण तपासले, तर तो मोजा कर्मचाऱ्याचे तेवढे रक्षण करतो, रुग्णांचे नाही.

करोनाच्या साथीत, २०२० नंतर, प्रत्येक दाराशी हात स्वच्छ करण्याच्या बाटल्या आल्या होत्या. साथ ओसरली आणि अनेक ठिकाणी त्या रिकाम्या झाल्या, त्या पुन्हा भरल्या गेल्या नाहीत.

प्रसूतिकक्ष आणि नवजात अर्भक

ग्रामीण आरोग्य केंद्रात संसर्गाची सर्वांत मोठी किंमत माता आणि नवजात बालक देतात. नाळ कापल्यानंतर उरलेला भाग ही एक उघडी जखम असते. त्या जखमेवर राख, शेण, हळद-तेल लावण्याच्या प्रथांनी असंख्य अर्भके धनुर्वाताने गेली. गरोदर स्त्रियांचे लसीकरण आणि स्वच्छ प्रसूती या दोन गोष्टींमुळे २०१५ साली भारतातील माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. स्वच्छ प्रसूतीची सूत्रे तशी साधी आहेत : स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, नाळ बांधण्यास स्वच्छ दोरा वा चाप आणि नाळेवर काहीही न लावणे.

धनुर्वात गेला, पण नवजात अर्भकाच्या रक्तात होणारी जंतूंची बाधा गेली नाही. येथे एक नवी अडचण उभी राहिली आहे. क्लेबसिएला, असिनेटोबॅक्टर यांसारखे रुग्णालयांत मुरलेले जंतू अनेक प्रतिजैविकांना दाद देईनासे झाले आहेत. स्वच्छतेतील उणीव प्रतिजैविकांच्या इंजेक्शनाने भरून काढता येईल, हा समज अनेक वर्षे चालला. तो आधीही चुकीचा होता. आता तो धोकादायकही झाला आहे. दीड किलो वजनाच्या अर्भकाला ज्या जंतूवर औषध उरलेले नाही अशा जंतूची बाधा झाली, तर डॉक्टरांच्या हाती फारसे काही राहत नाही. ते अर्भक हाताळणाऱ्या प्रत्येकाचे, आईचेही, हात धुतलेले असणे हाच त्याचा बचाव असतो.

फिनेलचा वास

तपासणीसाठी अधिकारी येणार असले, की दवाखान्यात फिनेलचा घमघमाट सुटतो. वासाला स्वच्छतेचा पुरावा मानण्याची सवय सुटली पाहिजे. घाणेरड्या पाण्यात बुडविलेले तेच फडके सगळ्या कक्षांतून फिरले, तर फिनेल कितीही घातले तरी जंतू एका खोलीतून दुसरीत जातात. यासाठी तीन बादल्यांची पद्धत आहे : पहिलीत साबणाचे पाणी, दुसरीत साधे पाणी, तिसरीत जंतुनाशक. काम स्वच्छ भागाकडून अस्वच्छ भागाकडे आणि वरून खाली न्यावे. रुग्णकक्षात कोरडी केरसुणी फिरवू नये. धूळ उडते आणि ती जखमांवर व सलाइनच्या जोडांवर बसते. शौचालयाचे फडके व बादली वेगळी हवी.

सांडलेल्या रक्तावर प्रथम शोषून घेणारे कापड वा कागद टाकून त्यावर एक टक्का क्लोरीनचे द्रावण ओतावे, किमान दहा मिनिटे ठेवावे आणि मग हातमोजे घालून पुसावे. चांगल्या ब्लीचिंग पावडरीत ३० ते ३३ टक्के क्लोरीन असते. त्यामुळे एक लिटर पाण्यात सुमारे ३० ग्रॅम पावडर घातली, की असे द्रावण मिळते. मात्र पिशवी उघडी राहिली, ओल लागली किंवा ऊन लागले, तर पावडरीतील क्लोरीन उडून जातो आणि हाती उरतो तो चुना. द्रावण रोज ताजे करावे. ब्लीचिंग पावडर आणि शौचालय धुण्याचे आम्ल कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो. ही सूचना सफाई कामगाराला कोणी दिली आहे काय, हे विचारून पाहण्यासारखे आहे.

सुई आणि कचरा

१९७६ साली आफ्रिकेतील तत्कालीन झाईर देशात यांबुकू येथील एका मिशन रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागाला रोज सकाळी पाच सिरिंज मिळत. शेकडो रुग्णांना त्याच वापरल्या जात. मधल्या वेळात त्या कोमट पाण्यात बुडवून घेत. इबोला हा रोग प्रथम ओळखला गेला, त्या वेळी तेथील साथ पसरण्याचे मोठे कारण या सुया होत्या. आपल्या शेजारच्या गुजरातमध्ये मोडासा परिसरात २००९ साली काविळीची, हेपॅटायटिस 'बी'ची, मोठी साथ आली आणि तिचा माग वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरण्यापर्यंत गेला. म्हणून सुई एकदाच वापरावयाची, टोपण पुन्हा लावावयाचे नाही आणि वापरताक्षणी ती न फुटणाऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात टाकावयाची.

जैववैद्यकीय कचऱ्याच्या विल्हेवाटीचे नियम देशात प्रथम १९९८ साली झाले व २०१६ साली ते नव्याने आले. रक्ताने माखलेले कापूस-बोळे व मानवी अवयवांचा भाग पिवळ्या पिशवीत, नळ्या, सलाइनच्या बाटल्या असे प्लॅस्टिक लाल पिशवीत, सुया-पाती पांढऱ्या पारदर्शक डब्यात आणि काच निळ्या खुणेच्या पेटीत, अशी विभागणी आहे. पिवळ्या पिशवीतील असा कचरा प्रक्रियेविना ४८ तासांपेक्षा अधिक काळ ठेवता येत नाही. पंचायत सदस्यांनी ध्यानात ठेवावयाची बाब ही, की हा कचरा गावच्या घंटागाडीत जाता कामा नये. एकदा तो साध्या कचऱ्यात मिसळला, की सगळाच ढीग धोकादायक होतो आणि सुई टोचते ती डॉक्टरांना नव्हे, तर कचरा वेचणाऱ्या बाईला किंवा उकिरड्याशेजारी खेळणाऱ्या मुलाला. कचरा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना धनुर्वात व हेपॅटायटिस 'बी' यांची लस देणे नियमानेच बंधनकारक आहे. प्रत्येक केंद्रात कंत्राटी कामगारांची ही लस झाली आहे काय, याची नोंद मागावी.

नातेवाईक

आपल्याकडे रुग्णाची अर्धी शुश्रूषा घरचे लोक करतात. परिचारिकांची संख्या अपुरी असल्याने ते टाळताही येत नाही. तेव्हा भेटीला येणाऱ्यांना केवळ हटकण्यापेक्षा सोबत राहणाऱ्या एका नातेवाइकाला दाखल होतानाच हात धुण्याची पद्धत शिकवावी, हे अधिक उपयुक्त. रुग्णाच्या खाटेवर बसणे-झोपणे, बाळंतिणीच्या कक्षात सर्दी-खोकला असलेल्यांनी बाळ घेणे, एका रुग्णाचे भांडे दुसऱ्याला देणे, हे टाळता येते. मात्र त्यासाठी नातेवाइकांना बसायला, निजायला, स्वयंपाक करायला दुसरी जागा हवी. संत गाडगे महाराजांनी मुंबईत उपचारांसाठी येणाऱ्या गरिबांसाठी धर्मशाळा उभारल्या, त्यामागची दृष्टी रुग्णालयांच्या आराखड्यात अजूनही क्वचितच उतरते.

शाळेतील शिक्षक यात मोठे काम करू शकतात. एका मुलाच्या तळहाताला थोडे खोबरेल तेल व गुलाल लावून त्याला वर्गात नेहमीसारखे वावरू द्यावे. तासाभराने दाराची कडी, फळा, पाण्याचा पेला आणि मित्रांचे सदरे यांवर गुलाल कोठे कोठे पोहोचला, हे मुलांनाच मोजू द्यावे. ती मुले आजीला भेटायला दवाखान्यात गेली, की तेथे काय पाहतील, हे सांगावयास नको.

देखरेख कोणाची

केंद्र सरकारने २०१५ साली सुरू केलेल्या 'कायाकल्प' योजनेत रुग्णालयांना स्वच्छता व संसर्ग-नियंत्रणासाठी गुण देऊन पुरस्कार देण्यात येतात. प्रसूतिकक्षांच्या गुणवत्तेसाठी २०१७ साली 'लक्ष्य' कार्यक्रम आला आणि २०२० च्या प्रारंभी संसर्ग-प्रतिबंधाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. नियम आणि तक्ते यांची वाण नाही. मूल्यमापनाच्या आठवड्यात भिंती रंगतात, फलक लागतात. खरी कसोटी त्यानंतरच्या एखाद्या मंगळवारी रात्री दोन वाजता येणाऱ्या प्रसूतीची असते.

सेमेलवाइसची नोंदवही येथे उपयोगी पडावी. शस्त्रक्रियेनंतर किती जणांच्या जखमेत पू झाला, किती बाळंतिणींना ताप आला, किती अर्भके जंतुदोषाने वरच्या रुग्णालयात पाठवावी लागली, एवढे तीन आकडे दरमहा लिहिले आणि ते रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत वाचले गेले, तरी पुष्कळ काम होईल. आकडे लपविले जाण्याची शक्यता आहेच. ते वाढले म्हणून कोणाला नोटीस देण्याची घाई झाली, तर पुढच्या महिन्यापासून शून्याची नोंद होऊ लागेल, हे अधिकाऱ्यांनी ओळखून असावे. दुसरी अडचण मानाची. डॉक्टर हात न धुता जखमेकडे वळले, तर परिचारिकेने, प्रसंगी आयानेही, त्यांना थांबविता आले पाहिजे. आणि तसे थांबविल्याबद्दल तिला नंतर बोलणी खावी लागता कामा नयेत. वैद्यकीय अधिकाऱ्याने हे सर्वांसमक्ष एकदा सांगून ठेवले, तर कितीतरी अवघडलेपण दूर होते.

आणि पाणी

या सर्वांच्या मुळाशी पाणी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकांनुसार दाखल रुग्णामागे दिवसाला ४० ते ६० लिटर, बाह्यरुग्णामागे ५ लिटर आणि प्रत्येक प्रसूतीमागे १०० लिटर पाणी लागते. सहा खाटांच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्व खाटा भरलेल्या असतील, दिवसाला साठ बाह्यरुग्ण येत असतील आणि एक प्रसूती होत असेल, तर ३६०, ३०० आणि १०० मिळून ७६० लिटर होतात. यात निवासस्थानांचे पाणी धरलेले नाही. मराठवाड्यातील किंवा माणदेशातील एखाद्या गावात मे महिन्यात टँकर तिसऱ्या दिवशी येत असेल, तर केंद्राला किमान २,२८० लिटरची साठवण हवी. छतावर हजार लिटरची एकच टाकी असेल, तर दुसऱ्या दिवशी दुपारनंतर प्रसूतिकक्षातील नळ कोरडा पडतो. पाणीटंचाईचा आराखडा करताना ग्रामपंचायतीने आणि तालुक्याच्या पाणीपुरवठा यंत्रणेने वस्त्यांच्या यादीत आरोग्य केंद्राची स्वतंत्र नोंद करावी, टाकीचे माप लिहावे आणि प्रसूतिकक्षातील नळ कोपराने उघडता येणारा बसवून घ्यावा.